स्कॅनर लावला, पुढे काय?

कापसाचा हंगाम सुरू झाला की हिंगणघाटच्या बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पिकअप आणि ट्रक यांची रीघ लागते. शहराला खेटून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, म्हणजे जुना नागपूर-हैदराबाद रस्ता, रात्रंदिवस वाहता असतो. अशा गावात गॅरेजची वाण असण्याचं कारणच नाही. पंक्चरवाल्यापासून डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन करणाऱ्यापर्यंत सगळ्या प्रकारचे कारागीर इथे आणि आसपासच्या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या हात काळे करत आले आहेत. पण गेल्या काही वर्षांत गॅरेजच्या दारात उभ्या राहणाऱ्या गाडीचा स्वभावच बदलला. ‘भाऊ, गाडी मिसिंग मारून राहिली’ ही तक्रार जुनीच आहे. तिचं उत्तर मात्र आता पान्याने कार्बोरेटर खोलून सापडत नाही.

या बदलाची तारीख सांगता येते. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा ही प्रदूषण मानकं लागू झाली आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार होऊन त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन, म्हणजे एफआय, आलं. त्याआधी इंजेक्शनची मोटारसायकल आपल्याकडे आलीच नव्हती असं नाही. हीरो होंडाने २००६ मध्ये ग्लॅमरची एफआय आवृत्ती आणली. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये पल्सर २२० ही इंजेक्शनसह बाजारात उतरवली आणि दोनच वर्षांत किंमत खाली आणण्यासाठी तीच गाडी पुन्हा कार्बोरेटरवर नेली. तेव्हा कंपनीला आणि गिऱ्हाइकाला निवड करता येत होती. २०२० नंतर ती राहिली नाही. शेतावर जाणारी १०० सीसीची साधी गाडीसुद्धा आता एका छोट्या संगणकाच्या हुकमाने चालते. गॅरेजमध्ये त्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात.

हा संगणक करतो काय? पेट्रोलच्या टाकीतला विजेवर चालणारा पंप इंधन साधारण तीन बार दाबाने इंजेक्टरपर्यंत पोचवतो. इंजेक्टर म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर उघडमीट करणारी बारीक झडप. इंजिन निवांत चालत असताना ती एका वेळी दोन-तीन मिलिसेकंद उघडते. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर असेल तर ही उघडझाप सेकंदाला ५० वेळा होते आणि तितक्याच वेळा प्लगला ठिणगी पडते. किती वेळ उघडायचं आणि ठिणगी नेमकी कधी टाकायची, हे ठरवण्यासाठी ईसीयू क्रँकची जागा, हवेचा दाब, थ्रॉटलचा कोन, इंजिनचं तापमान आणि सायलेन्सरमधल्या धुरातला ऑक्सिजन यांची माहिती सतत घेत असतो. यातली एक जरी खबर चुकीची आली, तरी हिशेब बिघडतो. अशा वेळी इंजिन धडधाकट असतं, नवा प्लगही टाकलेला असतो आणि गाडी तरी झटके देते.

जुन्या मिस्त्रींची निदानाची पद्धत कान, नाक आणि डोळे यांवर उभी होती, आणि ती कमी लेखण्यासारखी अजिबात नाही. प्लगचं टोक काळं पडलंय की पांढुरकं झालंय, यावरून मिश्रणात पेट्रोल जास्त आहे की कमी, हे आजही कळतं. लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजेक्टरवर टेकवून मूठ कानाला लावली की त्याची टिकटिक आजही ऐकू येते. चावी फिरवल्यावर टाकीतून दोनेक सेकंद येणारी ‘झूं’ ऐकली की पंपाला वीज मिळते आहे, एवढं नक्की होतं. बिनखर्चाच्या या चाचण्या पहिल्या पाच मिनिटांत कराव्यात अशाच आहेत.

पण त्याच काळातल्या दोन सवयी आता महागात पडतात. पहिली, चालू इंजिनाची प्लगची वायर ओढून ठिणगी उडते का ते पाहणं. ठिणगीला वाट मिळाली नाही की कॉइलमध्ये तयार झालेला हजारो व्होल्टचा दाब दुसरीकडून बाहेर पडायला बघतो. त्यात कॉइलचं इन्सुलेशन फुटतं, कधी ईसीयूमधला कॉइल चालवणारा भागच जळतो. दुसरी सवय म्हणजे बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प कोणत्याही वायरला टोचून पाहणं. जुन्या हॉर्न-लाइटच्या वायरिंगमध्ये त्याने काही बिघडत नसे. सेन्सरच्या वायरमधून मात्र अगदी नगण्य प्रवाह जातो. बल्ब त्याच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. तिथे डिजिटल मल्टिमीटरच हवा.

आता स्कॅनरकडे येऊ. गाडीने स्वतःच स्वतःच्या बिघाडाची नोंद ठेवावी, ही कल्पना अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने हवेच्या प्रदूषणाला कंटाळून सक्तीची केली. तिची दुसरी, अधिक शिस्तीची पिढी १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना लागू झाली. भारतात चारचाकींसाठी पहिला टप्पा २०१० मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये आला. दुचाकींसाठी २०२०, २०२३ आणि २०२५ असे टप्पे पडले. मोटारीत स्टीअरिंगखाली असलेलं १६ पिनांचं सॉकेट ही त्याचीच देणगी. त्यातल्या चौथ्या आणि पाचव्या पिनेला अर्थिंग असतं आणि सोळाव्या पिनेला थेट बॅटरीची वीज. स्कॅनर लावूनही तो उजळलाच नाही, तर स्कॅनरला नावं ठेवण्याआधी सोळाव्या आणि चौथ्या पिनेमध्ये बॅटरीचे व्होल्ट येतात का ते बघावं. बऱ्याच गाड्यांत एखादा फ्यूज उडालेला निघतो.

सॉकेटमधून जे बाहेर येतं त्याला कोड म्हणतात. इंजिन आणि गिअरबॉक्सशी संबंधित कोड पी या अक्षराने सुरू होतात. पी०३०० म्हणजे कोणत्या ना कोणत्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी०१७२ म्हणजे जाड. पी०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटकडे बोट दाखवतो, पी००८७ डिझेलच्या रेलमधला दाब कमी असल्याचं सांगतो.

सगळ्या गैरसमजाचं मूळ नेमकं इथे आहे. पी०३०१ वाचून पहिल्या सिलिंडरचा प्लग बदलला जातो, नाही जमलं तर कॉइल, मग इंजेक्टर, आणि शेवटी ‘ईसीयू गेला’ असा निकाल लागतो. गिऱ्हाइकाच्या खिशातून तोवर अनेक हजार गेलेले असतात. कोडमध्ये मात्र एवढंच म्हटलेलं असतं, की पहिल्या सिलिंडरने आपल्या वाट्याचं काम नीट केलं नाही. ठिणगी पडली नाही, पेट्रोल मिळालं नाही की व्हॉल्व्ह गळतोय, हे त्याला ठाऊक नसतं. ते शोधण्याचा एक बिनपैशाचा उपाय आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत पहिली आणि दुसरी कॉइल आपसांत बदलावी, कोड पुसावा आणि गाडी चालवून पुन्हा वाचावा. कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला. पी०३०१च राहिला तर कॉइल निर्दोष. मग हीच अदलाबदल प्लगची करायची. अर्ध्या तासात जे कळतं, त्यासाठी नवे सुटे भाग विकत घ्यायचं कारण नाही.

अनेक दुचाकींमध्ये तर सुरुवातीला स्कॅनरचीही गरज नसते. मीटरवरचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा स्वतःच बोलतो. होंडाच्या पद्धतीत लांब लुकलुक म्हणजे दहा आणि छोटी लुकलुक म्हणजे एक. एक लांब आणि दोन छोट्या, असे बारा झाले की इंजेक्टरचं सर्किट. आठ छोट्या म्हणजे थ्रॉटलचा सेन्सर.

समजा, दिव्याने बारा मोजून दाखवले. गाडी किक मारूनही उठत नाही. घाईचा रस्ता इंजेक्टर बदलण्याचा आहे. जरा दमाने घेणारा मिस्त्री आधी बॅटरी मोजतो. बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. सेल्फ मारताना ते फार खाली गेले तर पंप आणि ईसीयू दोघेही नीट जागे होत नाहीत. मग इंजेक्टरचं कनेक्टर काढून त्याच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजतो. या जातीच्या इंजेक्टरमध्ये साधारण १२ ते १६ ओहम भरतात. समजा १२ भरले, म्हणजे आतली गुंडाळी शाबूत. आता कनेक्टरच्या बाजूला वीज येते का? चावी चालू केल्यावर एका वायरवर बॅटरीचे व्होल्ट दिसले, म्हणजे तीही बाजू ठीक. उरली ती ईसीयूकडे जाणारी दुसरी वायर. तिथे नॉइड लाइट नावाचा बोटभर दिवा इंजेक्टरच्या जागी खोचायचा आणि सेल्फ मारायचा. ईसीयूकडून इशारा येत असेल तर दिवा लुकलुकतो. तो लुकलुकला नाही, तर सीटखालून जाणारा वायरिंगचा जुडगा उलगडायचा. धान्य आणि सरकी साठवलेल्या घरांत उंदरांची कमी नसते, आणि वायरचं प्लास्टिक उंदीर आवडीने कुरतडतात. आत तांब्याची तार तुटलेली सापडली की दुरुस्ती सोल्डर आणि स्लीव्हवर भागते. इंजेक्टर नवा आणला असता, तरी गाडी तशीच मेलेली राहिली असती.

मोजण्याच्या या शिस्तीशी हिंगणघाटचं एक जुनं नातं आहे, आणि ते इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे निघालेला असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर याच गावात आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून त्याने काम सुरू केलं आणि जवळजवळ अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट घेऊन तो दक्षिणेतून वर सरकत आला. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटून ते यंत्र भिंतीवर आदळलं. लॅम्बटनने आठवडेच्या आठवडे खपून ते स्वतःच्या हाताने पूर्ववत केलं, कारण वाकड्या यंत्राने घेतलेलं माप त्याला चालणार नव्हतं. गॅरेजमधल्या मापांनाही तोच नियम लागू आहे. मल्टिमीटरची बॅटरी उतरली की तो चुकीचे आकडे दाखवू लागतो, आणि त्या आकड्यांवर विसंबून बदललेला सुटा भाग दुकानदार परत घेत नाही.

ठिणगीची तपासणी ही दिसते तितकी सोपी नाही. प्लग काढून इंजिनाला टेकवला, सेल्फ मारला, निळी ठिणगी दिसली, म्हणजे इग्निशन ठणठणीत, असा समज सर्रास आहे. मोकळ्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडायला साधारण तीन हजार व्होल्ट पुरतात. मोटारसायकलच्या प्लगमधलं अंतर ०.७ ते ०.८ मिलिमीटरच असतं, तेव्हा बाहेर ठिणगी सहज पडते. सिलिंडरच्या आत मिश्रण दाबलेलं असताना तेच अंतर ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. भार असताना दहा हजारांच्या वर. कमजोर कॉइल बाहेर पास होते आणि आत नापास. म्हणून अंतर कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर वापरावा लागतो. त्यात अंतर मुद्दाम वाढवून, ठिणगी तेवढी झेप घेते का, ते पाहतात.

विदर्भाच्या उन्हाळ्यात यात आणखी एक अडचण येते. मे महिन्यात वर्धा जिल्ह्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, इंजिनाशेजारच्या भागांची गत तर विचारायलाच नको. ‘गरम झाली की बंद, थंड झाली की पुन्हा सुरू’ ही तक्रार घेऊन गाडी येते, गॅरेजच्या सावलीत तासभर उभी राहते आणि मग सगळी मापं बरोबर येतात. कॉइलच्या गुंडाळीतली बारीक चीर किंवा क्रँक सेन्सरमधला कच्चा जोड तापल्यावर फाकतो आणि निवल्यावर मिटतो. अशा गाडीची चाचणी ती बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच घ्यायला हवी. गिऱ्हाइकानेही ‘आत्ता तर नीट चालून राहिली’ म्हणून निघून जाऊ नये.

स्कॅनरमधला खरा खजिना कोडच्या पानावर सापडत नाही, तो लाइव्ह डेटात असतो. त्यातला एक आकडा प्रत्येक मिस्त्रीने वाचायला शिकावा असा आहे : फ्युएल ट्रिम. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो त्याप्रमाणे ईसीयू आपल्या ठरलेल्या हिशेबात पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो. शून्याच्या आसपास आकडा म्हणजे सगळं जागेवर. अधिक २० दिसलं तर ईसीयूला वीस टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागतंय. आयडलला आकडा जास्त आणि रेस वाढवली की कमी होत असेल, तर इंजिन कुठून तरी चोरून हवा घेतंय. एखादा रबरी पाइप फाटलेला असतो. उलट भारावर आकडा चढत गेला, तर पंप दमलाय किंवा फिल्टर चोंदलाय. मग प्रेशर गेज जोडून दाब मोजला की शंका फिटते. कोड येण्याच्या कितीतरी आधी हा आकडा दुखणं सांगायला लागतो.

इथेनॉलचा प्रश्नही याच आकड्यातून पाहता येतो. देशात २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळलं गेलं, २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त लागतं. दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर जाताना हा फरक चार टक्क्यांच्या आसपास पडतो. ऑक्सिजन सेन्सर धड असेल तर ईसीयू तेवढं सांभाळून घेतो. पावसाळ्यात मात्र गोष्ट वेगळी. इथेनॉल पाणी ओढतं आणि पाण्याचं प्रमाण वाढलं की दोघे मिळून पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतात, जिथे पंपाचं तोंड असतं. अशी गाडी स्कॅनरवर मिसफायरचे कोड दाखवेल. निदान मात्र पारदर्शक बाटलीत टाकीतलं पेट्रोल काढून, थोडा वेळ स्थिर ठेवून, तळाशी थर दिसतो का ते पाहण्यात आहे.

डिझेलची कथा आणखी वेगळी, आणि थोडी धोक्याची. जुन्या ट्रॅक्टरांवर अजूनही यांत्रिक पंप आहे. त्याचा नोझल हातपंपाच्या टेस्टरवर लावतात. दांडा दाबत गेलं की गेजचा काटा चढतो आणि दोनशे बारच्या आगेमागे नोझल ‘किर्र’ आवाज करत फवारा सोडतो. फवारा धुक्यासारखा बारीक हवा. तोंडाशी थेंब लोंबला किंवा एका बाजूला धार गेली, तर नोझल खराब. हे काम जाणणारे कारागीर आजही तालुक्याला भूषण आहेत. नवे ट्रक आणि पिकअप मात्र कॉमन रेलवर, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना दाबाखालचं डिझेल पुरवणाऱ्या एकाच सामायिक नळीवर, चालतात. त्यात आयडललाही अडीच-तीनशे बार दाब असतो आणि भारावर तो दीड हजाराच्या पलीकडे जातो. अशा इंजेक्टरांचे आणि नोझलांचे भाग बॉशच्या नाशिकच्या कारखान्यात तयार होतात. मायक्रॉनमध्ये मोजावी इतकी त्यांची फट बारीक.

जुन्या पंपात हवा शिरली की नोझलचा नट सैल करून इंजिन फिरवायचं आणि ‘एअर काढायची’, ही रीत हाडीमाशी खिळलेली आहे. कॉमन रेलवर हे कधीही करू नये. त्या दाबाने सुटलेली डिझेलची सुईएवढी धार कातडी भेदून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते. आत मात्र मांस सडत जातं आणि बोट, प्रसंगी हात गमावावा लागतो. अशी जखम झाली की दुखो न दुखो, तासाभराच्या आत शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं आणि डॉक्टरांना ‘दाबाने डिझेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगायचं.

मग सुरू व्हायला वेळ घेणारी पिकअप तपासायची कशी? स्कॅनर लावून सेल्फ मारताना रेलचा दाब पाहायचा. तो दोनशेच्याही वर चढत नसेल तर इंजेक्टर उघडतच नाहीत. दाब कुठे मुरतो, हे शोधण्याची चाचणी बघण्यासारखी आहे. चारही इंजेक्टरांची परतीची नळी काढून प्रत्येकाला एकेक पारदर्शक, खुणा केलेली नळी जोडतात आणि इंजिन आयडलला ठेवतात. या वाटेवर दाब नसतो, म्हणून हे काम सुरक्षित. दोन-तीन मिनिटांत चारही नळ्यांत डिझेल चढू लागतं. तीन नळ्या सारख्या आणि एक दुप्पट भरली, तर त्या एकाच इंजेक्टरच्या आत गळती आहे. चारही इंजेक्टर बदलण्याचं बिल आणि एक दुरुस्त करण्याचं बिल, यांतला फरक गाडीवर पोट असलेल्या माणसासाठी महिन्याच्या हप्त्याएवढा असू शकतो.

एवढं करूनही काही दोष हाती लागत नाहीत. त्यांच्यासाठी ऑसिलोस्कोप आहे, आणि तळहातावर मावणारे स्कोप आता काही हजारांत मिळतात. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, स्कोप त्या क्षणाचं चित्र काढतो. इंजेक्टरच्या वायरवर रेघ बारा व्होल्टवर असते, इशारा आला की शून्यावर उतरते, दोन-तीन मिलिसेकंद तिथे थांबते आणि बंद होताना एकदम साठ-सत्तर व्होल्टची उडी मारते. मग उतरत्या रेघेवर एक छोटा उंचवटा येतो. ती आतली सुई जागेवर बसल्याची खूण. उंचवटा नसेल तर वीज बरोबर पोचूनही सुई अडकलेली असू शकते. ओहम मोजून हे कधीच कळलं नसतं.

प्रश्न उरतो तो माहितीचा. साधे कोड कोणताही स्वस्त स्कॅनर वाचतो. कंपनीचे खास कोड, वायरिंगचे नकाशे आणि नवा इंजेक्टर ईसीयूला ओळखवून देण्याची सोय मात्र बराच काळ अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या भिंतीआड राहिली. २०११ मध्ये एका ग्राहकाने केलेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजना न देणं हा बाजारातल्या स्थानाचा गैरवापर आहे, असं आयोगाने म्हटलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे. आयटीआयच्या दोन वर्षांच्या मोटर मेकॅनिक अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या मुलाला हे सगळं खुलं मिळालं पाहिजे. महामार्गावर रात्री बंद पडलेला ट्रक नागपूरच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत ७०-८० किलोमीटर ओढून नेण्याऐवजी तिथल्या तिथे मार्गी लागणं, हे त्या मुलाच्या हाती आहे.

गाडीमालकालाही थोडं काम आहे. चेक लाइट लागला की बॅटरीची वायर काढून तो घालवू नये. कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान आणि भार किती होता, याची नोंद ईसीयू जपून ठेवतो, आणि बॅटरी काढली की अनेक गाड्यांत ती पुसली जाते. गॅरेजमध्ये कोड पुसण्याआधी स्कॅनरच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा, आणि बिलावर बदललेल्या सुट्या भागाशेजारी तो का बदलला त्याचं माप लिहून मागावं : किती ओहम, किती व्होल्ट, किती बार.